गुलछडीच्या शेतातला फोटो

माझ्या थोरल्याची, सुखदेवची, एक खोड मी त्याच्या लहानपणापासून बघत आलेय. काही लबाडी करायची असली की तो आधी गोड आणतो. तिसरीत असताना बापाच्या खिशातले आठ आणे काढले, तेव्हा माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या. आता अठ्ठावन्नाला टेकला, कचेरीत त्याला साहेब म्हणतात, पण खोड गेली नाही. गोळ्यांच्या जागी पेढे आले एवढंच.

आमच्या ह्यांना जाऊन दहा वर्षं झाली, त्यांचं पुण्यानुमोदन होतं. सकाळपासून त्याची बायको कल्याणी खिरीचं दूध आटवत होती. भिक्खूंना बाराच्या आत भोजन द्यावं लागतं म्हणून भंतेजी साडेदहाला येणार होते. आणि अशा घरात सुखदेवनं आठ वाजता रंगीत फीत बांधलेला पेढ्यांचा पुडा आणून ठेवला. कुणासाठी, तर शैलासाठी. ज्या बहिणीला सहा महिन्यांत फोन केला नाही, तिच्यासाठी. मी फक्त म्हटलं, बाप गेल्याच्या दिवशी पेढे वाटायची रीत वारज्यात नवी निघाली काय. तो हसला. सुखदेव माझ्या टोमण्याला हसला की समजायचं, पाणी मुरतंय.

आणि फुलं. ज्याच्या बहिणीच्या रानात पहाटे चारला गुलछडी तोडतात, त्यानं मंडईतून पैसे देऊन कालची फुलं आणली होती. पाण्याचे थेंब मारून ताजी केलेली. मी ती कोपऱ्यात ठेवून दिली. फुलांचा काय दोष.

शैला साडेआठला आली. आमच्या गावाहून, बोरमाळहून, फुलांचा टेम्पो पहाटे मार्केट यार्डात येतो, त्यात ड्रायव्हरशेजारी बसून ती येते. आपला माल फुलबाजारात उतरवते आणि मग दोन बस बदलून वारज्याला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली गुलछडी. चार मजले चढून आली, लिफ्टनं नाही. तिला लिफ्टमध्ये घुसमटतं. दारातच चपला काढून तिनं आधी समोरच्या भिंतीकडं बघितलं, नेहमी बघते तसं.

त्या भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, आमचे हे आहेत. आणि ह्यांच्या शेजारी सुखदेवचा एक मोठा फोटो आहे. गुलछडीच्या शेतात उभा, पँटचे पाय दुमडलेले, एका हातात विळा, दुसऱ्या हातात फुलांची पाटी. गेली पाच वर्षं तो तिथं आहे. घरी येणाऱ्याला सुखदेव सांगायचा, नोकरी केली पण मातीला विसरलो नाही. पाव्हणे माना डोलवायचे. शैला त्या फोटोकडं बघून दरवेळी हसायची, आणि मला वाटायचं भावाच्या कौतुकानं हसते.

"जय भीम, आई. दूध लागलंय बघ खाली," एवढंच म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. कल्याणीनं तिच्या हातात पळी दिली. कल्याणी त्या दिवशी कुणाशीच बोलत नव्हती.

आता इथं एक कबूल करते. कल्याणी मला अठ्ठावीस वर्षांत कधी फारशी आवडली नाही, हे तिलाही माहीत आहे. माझा समज होता की सुखदेवच्या डोक्यात जे काही येतं ते हिच्या तोंडून जातं. पण त्या सकाळी ती खिरीकडं बघत काय विचार करत होती ते तिनं मला नंतर सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी घरी एक नोटीस आली होती. तेव्हापासून ती नवऱ्याला म्हणत होती, आईंना सांगा, शैलाताईंना सांगा, मग काय व्हायचं ते होऊ दे. तो म्हणत होता, आईचं मी बघतो. 'आईचं मी बघतो' म्हणजे काय, ते मला नऊ वाजता कळलं.

सुखदेवनं मला मागच्या बाल्कनीत बोलावलं, जिथं वॉशिंग मशीन आहे. ते सुरू केलं, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मलाही नीट ऐकू येत नव्हतं. कोरोना झाल्यापासून माझा डावा कान गेलाय, तरी तो डाव्याच बाजूला उभा. मी त्याला उजवीकडं घेतलं आणि म्हटलं, बोल.

त्याचं सांगणं असं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी फुलवाल्यांचं नुकसान झालं म्हणून सरकारनं मदत दिली होती ना, ती आपल्या जमिनीवरही आली होती. त्याच्या खात्यात. आता चौकशी निघालीय. सरकारी नोकराला ती घेता येत नव्हती. सोमवारी सुनावणी आहे, मे अखेरीस तो निवृत्त होतोय, आणि हे मिटलं नाही तर पेन्शन अडकेल. कुणा जाणकारानं त्याला वाट सांगितलीय. शैलानं एक कागद लिहून द्यायचा की जमीन ती कसते आणि भावानं पैसे तिला पोचवले. मग तो सुटला.

मी विचारलं, "पोचवले होतेस?"

मशीनमधले कपडे तो जरा वेळ बघत राहिला. "आई, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

म्हणजे नाही.

आणि मला ते वर्ष आठवलं. देवळं बंद, लग्नं बंद, मार्केट यार्ड बंद. गुलछडी मात्र बंद होत नाही, ती रोज फुलते. तोडली नाही तर दांडा खराब होतो, पुढचा बहर जातो. म्हणून शैला रोज पहाटे उठून फुलं तोडायची आणि पाटीनं नेऊन बांधावर ओतायची. फोनवर मला म्हणाली होती, आई, बांधाला येऊन बघ, एखाद्या मोठ्या माणसाची मयत झाल्यागत वाटतंय. शेळ्यासुद्धा तोंड लावत नव्हत्या. मग गावात नावं घ्यायला लागले, मदत मिळणार म्हणून. तलाठी म्हणाला, सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही बाई, भावाला अर्ज करू द्या. तिनं भावाला फोन केला. भाऊ पास काढून गाडी घेऊन गेला. आणि दोन महिन्यांनी भावानं कळवलं, नामंजूर झालं, नशीब. त्या वर्षी शैलानं गुलछडी अर्धी मोडून मेथी टाकली आणि दुसऱ्यांच्या रानात रोजानं कांदे काढले. कधी एका शब्दानं बोलली नाही की दादानं नीट प्रयत्न केला नसेल.

सातबाऱ्यावर तिचं नाव का नाही, हेही लिहिते, लपवायचं कशाला. हे गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी सुखदेव म्हणाला होता, शैलाचं हक्कसोड करून घेऊ, भानगड नको. ती नवरा सोडून गावी येऊन राहिली होती, चार वर्षं ती जमीन तीच कसत होती. मी तिला म्हटलं, अगं, कसणारी तूच आहेस, नाव कुणाचं का असेना. तिनं विचारलं, आई, करू का? मी म्हटलं, कर. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी हे म्हटलं. लेकीला हिस्सा मिळावा म्हणून ज्या माणसानं मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच्या फोटोखाली.

मशीन गरगरत होतं. सुखदेव म्हणाला, "तू सांगितलंस की ती सही करेल, आई. मागच्या वेळी केली तशी."

मी तोंड उघडलं तेवढ्यात तो पुढं म्हणाला, शांतपणे, जसं कचेरीत म्हणत असेल, की तुझ्या गोळ्या, तुझी दर महिन्याची तपासणी, हे घर, सगळं त्या पेन्शनवर चालणार आहे. आणि कोरोनात तुला बेड मिळेना तेव्हा ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी अख्खं पुणं मीच पालथं घातलं होतं. आठवतंय ना.

आठवतंय. त्यानं तीन रात्री डोळा लावला नव्हता. मी आज लिहितेय ती त्याच्यामुळं.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझं मन आधी पेन्शनकडंच गेलं. मी आत आले आणि भंतेजींसाठी आसनाच्या चादरी झटकायला लागले. माणसाला हो म्हणायची लाज वाटते तेव्हा तो चादरी झटकतो.

तोवर धाकटा, अभय, भोसरीहून आला होता. त्याच्या हातात भंतेजींना दान द्यायची चिवरं होती आणि तोंडावर कंटाळा. सुखदेवनं त्याला जिन्यात नेलं. जिन्यातलं बोलणं चैतालीनं ऐकलं, सुखदेवच्या लेकीनं. ती दुकानातून मेणबत्त्या घेऊन जिन्यानं वर येत होती. ती सांगते, काका आधी चांगला तापला होता. दादा, तायडी तिकडं मरमर मरतीय आणि तू हे धंदे करतोयस, असं म्हणाला. मग पप्पा त्याला हळूच काहीतरी म्हणाले. त्या हळूच बोलण्यात, हे मला मागाहून कळलं, एक प्लॉटिंगवाला होता. अभयला त्याच्या हिश्श्याचं रान विकायचं आहे, गिऱ्हाईक सुखदेवनं बघितलंय. चौकशी सोमवारी मिटली नाही तर जमिनीचे कागद अडकतील आणि ते सगळं लटकेल. अभय पाच मिनिटांत वर आला तो वेगळा माणूस होऊन. आल्याबरोबर शैलाला म्हणाला, ताई, घरातली गोष्ट घरातच मिटलेली बरी असते.

शैला म्हणाली, "कसली गोष्ट?"

"दादा सांगेल."

आणि दादानं पेढ्यांचा पुडा उघडला.

सगळे हॉलमध्ये होते. खीर उतरवून झाली होती, गुलछडी बुद्धांपुढं पितळी परातीत ठेवलेली होती, तिच्या वासानं मंडईची फुलं कोपऱ्यात गप्प बसली होती. सुखदेवनं एक पेढा शैलाच्या हातात ठेवला, दुसरा अभयच्या, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. शैला, एक सही हवी होती गं. नुसता कागदोपत्री सोपस्कार आहे. जमीन तूच कसतेस ना, तेवढंच लिहिलंय. उलट तुझ्या फायद्याचंच आहे, तुझं नाव लागतंय कुठंतरी. हे शेवटचं वाक्य त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

शैलाचं तोंड उजळलं, ते मी पाहिलं आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कसणारी म्हणून तिचं नाव कागदावर. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिनं पेढा परत पुड्यात ठेवला, हात पदराला पुसले, पेन घेतलं. सहावीपर्यंत शिकलीय, सही सुंदर करते. कागद मांडीवर ठेवला. वाचला नाही. भावानं दिलेला कागद वाचायचा म्हणजे भावावर अविश्वास, अशी आमच्या घरातली शिकवण. मीच दिलेली.

मग तिनं मान वर केली आणि दहा वर्षांपूर्वी विचारलं होतं तसंच विचारलं.

"आई, करू का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुखदेवनं माझ्याकडं बघितलं नाही. त्याला खात्री होती.

मी म्हटलं, "थांब. चैताली, माझा चष्मा आण."

मला वाचता येतं. वेळ लागतो, पण येतं. मी शाळेत दोन पावसाळे गेले तेवढंच. पुढं लग्न झाल्यावर ह्यांनी खडकीच्या कारखान्यातून आल्यावर रोज रात्री पाटीवर शिकवलं. म्हणायचे, सुंदरा, अंगठा लागतो कपाळाला कुंकू लावायला, ते आपण सोडलंय, मग कागदावर तरी कशाला उठवायचा. मी अक्षर अक्षर बोट ठेवून वाचते, तोंडानं म्हणत वाचते, मनात वाचायची कला मला आली नाही. घरातले त्याला हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सुखदेव म्हणाला, "आई, भंतेजी येतील, वेळ नाही."

"येऊ दे. त्यांनाही ऐकू दे."

मी बोट ठेवलं. मी, शैला, वय वर्षे बावन्न, धंदा शेती, लिहून देते की. इथवर सोपं होतं. पुढं अक्षर बारीक होतं. कोरोना काळातील. फूल पीक. नुक, सान, नुकसानीची मदत. माझे बंधू यांनी. मला. रो, ख. रोख. पो, होच. रोख पोहोच केली असून. ती मी. माझ्या घर, खर्चास. वापरली आहे. त्याबाबत माझी. काही. तक्रार. नाही. पुढील वसु, ली. वसुलीस. मी स्वतः. जबाबदार. राहीन.

एवढं वाचायला मला चांगली पाच मिनिटं लागली असतील. एका दमात कुणी वाचलं असतं तर ते सुळकन निघून गेलं असतं. मी वाचलं म्हणून एकेक शब्द त्या हॉलमध्ये जमिनीवर पडला आणि तिथंच राहिला.

शेवटची ओळ मलाही माहीत नव्हती. वसुलीस मी स्वतः जबाबदार. म्हणजे त्यानं खाल्लं आणि ती फेडणार. ते त्यानं मला मशीनच्या आवाजातसुद्धा सांगितलं नव्हतं.

शैलानं विचारलं, "कसली मदत?"

सुखदेव पेढ्यांच्या पुड्याची फीत परत बांधायला लागला.

"दादा, कसली मदत? ती तर नामंजूर झाली हुती."

अभय खिडकीबाहेर बघायला लागला. सुखदेवनं सुरुवात केली की हे बघ, तुला व्यवहार कळत नाही. तेवढ्यात चैतालीनं टीपॉयवर सुनावणीसाठी काढून ठेवलेली त्याची फाईल उचलली. ती हिंजवडीला कंपनीत आहे, दिवसभर कागदच चाळते म्हणे, फक्त स्क्रीनवरचे. तिनं दोन पानं उलटली आणि थांबली. मग भिंतीकडं बघितलं. मग परत फाईलकडं.

"पप्पा, हा सेम फोटो आहे," ती म्हणाली. "अर्जाला लावलाय. खाली लिहिलंय, अर्जदार स्वतः कसत असलेल्या क्षेत्रात."

फाईल शैलाच्या हातात गेली. तिनं खूप वेळ बघितलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण मला तेव्हाच दिसत होतं. ती त्या सकाळच्या रानात परत गेली होती. दादा गाडीतून उतरला, तोंडाला मास्क. शैला फुलं तोडत होती. तो म्हणाला, तुझा विळा दे, पाटी दे, जरा बाजूला हो, पोरांना दाखवायला फोटो काढतो. तिनं पाटी दिली. त्याच्या बुटाला चिखल लागेल म्हणून स्वतःच्या हातानं त्याच्या पँटचे पाय दुमडले. मग त्यानं आपला फोन तिच्या हातात दिला.

"ह्यो फोटो मी काढलाय," शैला म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला म्हणालास, शैला, फुलं नीट दिसू दे. मी चार येळा काढला. पहिल्यांदा माझी सावली पडत होती तुझ्या अंगावर. म्हणून मी मागं सरकले."

आणि मला कळलं ती दरवेळी दारात उभी राहून का हसायची. भावाचं कौतुक नव्हतं ते. फोटो चांगला आलाय याचं कौतुक होतं. आपण काढलेला फोटो दादानं भिंतीवर लावलाय, याचं.

सुखदेव उठला. मग तो बोलला, आणि आता तो लपवत नव्हता, चिडला होता, म्हणून त्याचं खरं काय ते ऐकून घ्यावं लागेल. तो म्हणाला, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, नियम कागदाला असतो. मी अर्ज केला नसता तर तिला तरी कुठं मिळणार होतं? अख्ख्या गावानं घेतले, पुण्यात राहणाऱ्या शंभर जणांनी घेतले, ज्यांनी आयुष्यात ढेकूळ फोडलं नाही अशांनी. त्यांच्याकडं कुणी बघत नाही. आणि मी? बापाचं आजारपण मी केलं. अभयच्या नोकरीसाठी मी लोकांचे पाय धरले. आईच्या ऑक्सिजनसाठी मी धावलो. "तेव्हा ही कुठं होती?"

शैला म्हणाली, "मी चेकनाक्यावर हुते. दोन वेळा आले. सोडलं न्हाई."

हे मला तोवर माहीत नव्हतं. पाच वर्षं झाली, तिनं सांगितलं नव्हतं.

कल्याणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओलं फडकं. ती पुढं आली, भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि सुखदेवचा फोटो खिळ्यावरून काढला. सुखदेव म्हणाला, काय करतेस. ती म्हणाली, "धूळ बसलीय." आणि फोटो पालथा करून टीव्हीखालच्या कपाटावर ठेवला. मग माझ्याकडं वळली. "आई, हा टीव्ही त्या पैशाचा आहे. मी तेव्हा विचारलं होतं. मला सांगितलं बोनस मिळाला. माझ्या डोक्यात आलं होतं, सरकारी कचेरीत कसला बोनस. पण मी पुढं विचारलं नाही."

पन्नास इंची टीव्ही. त्याच्यापुढं बसून मी पाच वर्षं मालिका बघितल्या. त्या मालिकांमधल्या लबाड सुनांना शिव्या घातल्या. शैला तिकडं कांदे काढत होती आणि मी पाय वर घेऊन त्या लबाड सुनांना शिव्या घालत होते. रक्कम काही फार मोठी नव्हती, एका टीव्हीची. मोठी असती तर निदान म्हणता आलं असतं की माणसाचा तोल गेला.

अभय खिडकीपासून वळला आणि म्हणाला, दादा, त्या कागदात मला धरू नकोस, मला काही माहीत नाही. मी त्याला म्हटलं, तू खिडकीतून बाहेरच बघ, तुझं नंतर. तो परत वळला.

शैलानं पेनला टोपण लावलं. पेन टीपॉयवर ठेवलं. मग ती जे म्हणाली ते मला सगळ्यात लागलं, कारण त्यात राग नव्हता. "आई, तुला माहीत हुतं?"

"नऊ वाजल्यापासून."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"चादरी झटकत होते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला कळलं. माझीच लेक आहे.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. चैतालीनं बाल्कनीतून बघितलं, भंतेजी आले म्हणाली, आणि लिफ्टपाशी जायला निघाली. सुखदेवनं पटकन फाईल मिटली, कागद खिशात घालायला हात पुढं केला. पुण्यानुमोदनाला पहिली मेणबत्ती थोरला मुलगा लावतो, पुढं बसतो आणि त्याच्यामागून सगळे पंचशील म्हणतात. त्यानं शर्ट नीट केला. तोंडावर ते कचेरीतलं शांत तोंड परत आणलं. मेणबत्तीकडं हात नेला.

मी कागदावर हात ठेवला. वय झालं तरी माझा हात जड आहे.

"सुखदेव, बस खाली. मला लिफ्ट वर येईपर्यंत एवढंच बोलायचंय. तू माझा जीव वाचवलास, ते मी नाकारत नाही. पण जीव वाचवलास म्हणून तो गहाण पडलेला नाही तुझ्याकडं. शैला सही करणार नाही. पहिली सही, हक्कसोडीची, मी तिच्याकडून घेतली, न वाचता. ती माझी चोरी, आणि ती मी फेडीन. मंगळवारी तलाठ्याकडं जाऊन माझ्या हिश्श्यावर तिचं नाव लावायचा अर्ज मी देतेय, आणि ह्या वेळी चष्मा घालून जाईन. सोमवारी तू सुनावणीला जाशील आणि आपल्या तोंडानं सांगशील की रान तिचं, घाम तिचा, फोटोसुद्धा तिनं काढलेला, फक्त पैसे तुझे. पेन्शन राहिली तर राहिली. नाही राहिली तर मी चार घरच्या पोळ्या लाटून तुला शिकवलंय, अजून लाटता येतात.

आणि आता उठ. मेणबत्ती शैला लावेल. तू तिच्या मागं बस. भंतेजी दुसरं शील सांगतील, अदिन्नादाना वेरमणी, न दिलेलं घेणार नाही. ते तू मोठ्यानं म्हणायचं. मला अलीकडं कमी ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर मी परत म्हणायला लावीन, भंतेजींच्या देखत, खीर थंड होईपर्यंत."